प्रमाणपत्र मिळालं, बोलायला कोण शिकवणार?

प्रति,
आरोग्य आणि समाजसेवा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे निर्णय घेणारे प्रशासक, अभ्यासक्रम ठरवणारे सदस्य आणि संस्थाचालक यांस,

स. न. वि. वि.

संवादकौशल्याचे प्रत्यक्ष वर्ग बंद केल्याचं परिपत्रक वाचलं. यापुढे प्रत्येक कर्मचाऱ्याने मोबाइलवरचा अभ्यासक्रम आपापल्या सवडीने पुरा करायचा, शेवटची चाचणी द्यायची आणि प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात जमा करायची. कारण दोन ओळींत दिलं आहे: माणसं कमी आहेत आणि वर्गांमुळे ड्यूटीचे तास वाया जातात. मी परिपत्रकावर सही केली, कारण ती 'वाचले' एवढ्यापुरतीच होती. पटलं का, हे विचारणारा रकाना त्यात नव्हता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मी परिचारिका आहे. वॉर्डातली ड्यूटी सांभाळून बरीच वर्षं हे वर्ग घेत आले. नव्या परिचारिका, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, घरी जाऊन वृद्धांची सेवा करणारे काळजीवाहक, समाजसेवा विभागातले नवखे कार्यकर्ते, असे सगळे त्यात असत. याचे वेगळे पैसे मला कधी मिळाले नाहीत, तेव्हा वर्ग बंद झाल्याने माझं काही बुडतंय म्हणून ही ओरड आहे असं कोणी समजू नये. उलट माझे तास वाचतील. तक्रार वेगळीच आहे. माझ्या शेजारी ड्यूटीवर उभी राहणारी माणसं यापुढे सगळ्यात अवघड काम न शिकताच करणार आहेत, आणि चुकलं की जबाब त्यांच्याकडेच मागितला जाणार आहे.

तुमचा अभ्यासक्रम मी पुरा केला. प्रमाणपत्रही मिळालं. चाचणीतला एक प्रश्न असा होता: रुग्ण रडू लागल्यास तुम्ही काय कराल? पर्याय होते दुर्लक्ष करीन, रागावेन, शांतपणे ऐकून घेईन, किंवा यापैकी काहीही नाही. हा प्रश्न चुकवायला खास प्रतिभा लागते. जो माणूस उद्या वॉर्डात जाऊन रडणाऱ्या बाईला 'रडू नका हो, सगळं ठीक होईल' म्हणत पाय काढता घेणार आहे, तोही इथे बरोबर पर्यायावरच बोट ठेवेल. काय बरोबर हे त्याला माहीत असतंच. त्या क्षणी ते जमत नाही, अडतं ते तिथे.

त्याच अभ्यासक्रमात एक रंगीत चित्र आहे. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि हावभावांचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. हे गणित सगळ्या संवादाला लावू नका, असं खुद्द त्यांनीच पुढे स्पष्ट केलं. तरी ते प्रत्येक प्रशिक्षणात हटकून येतं. इन्सुलिनचे किती युनिट घ्यायचे हे कोणी ९३ टक्के आवाजाने आणि हावभावांनी सांगून दाखवावं, मी टाळ्या वाजवीन.

आता वर्गात काय चालायचं ते सांगते, कारण परिपत्रक लिहिणाऱ्यांपैकी कोणी तिथे येऊन बसल्याचं मला आठवत नाही. दोन खुर्च्या समोरासमोर. एकजण रुग्णाची मुलगी होते, दुसऱ्याने तिला सांगायचं की वडिलांच्या आजाराला आता उतार पडण्याची आशा फार थोडी आहे. तिसरा कागद घेऊन बाजूला बसतो आणि टिपतो: आधी कोण मध्येच बोललं, किती वैद्यकीय शब्द आले, गप्प किती वेळ राहिलं. मुलगी विचारते, "म्हणजे बाबा घरी येतील ना?" समोरचा हुशार मुलगा लगेच रक्ताचे रिपोर्ट सांगू लागतो. पोटॅशियम वाढलंय, किडनीवर ताण आहे, सोनोग्राफी उद्या आहे. थांबवायचं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी तो आधी विचारतो, "डॉक्टरांनी तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" मग सांगतो आणि तिथे थांबतो. ते थांबणं पाहणाऱ्यांनाही जड जातं. कोणीतरी हसतं, कोणी खुर्ची सरकवतं. शिकायचं असतं ते नेमकं तेच, आणि ते माणसासमोरच शिकता येतं. वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' पद्धत २००० साली कर्करोगतज्ज्ञांसाठी मांडली गेली. समोरच्याला आधी काय माहीत आहे आणि किती ऐकायचं आहे हे विचारणं या त्यातल्या दोन पायऱ्या बातमी सांगण्याच्या आधी येतात. तुमच्या चाचणीत या सहा पायऱ्या योग्य क्रमाने लावायला सांगितल्या आहेत. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

शीर शोधून सलाइन लावायला तुम्ही व्हिडिओ दाखवून कोणाला थेट रुग्णाकडे धाडत नाही. कोणीतरी हात धरतं, शेजारी उभं राहतं, चुकलं तर थांबवतं. मग बोलण्यालाच हा वेगळा न्याय का? मला वाटतं, बोलणं म्हणजे स्वभाव, हसतमुख असलं की झालं, अशी वरच्या मजल्यावर समजूत असावी. हसतमुख माणसंही रुग्णाचं म्हणणं अर्ध्यात तोडतात, आणि फार गोड बोलून तोडतात.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली, वेळेची. रुग्णाला बोलू दिलं तर ओपीडी संपणारच नाही, असं मला प्रत्येक बैठकीत ऐकवलं जातं. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत डॉक्टर-रुग्ण भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत अडवलं जात होतं. अडवलंच नाही तर रुग्ण किती वेळ बोलतो, हे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये मोजलं गेलं. ३३५ रुग्ण होते आणि सरासरी निघाली ९२ सेकंद. चारातले तीनहून जास्त रुग्ण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. म्हणजे सगळा झगडा दीड मिनिटाचा आहे. हे दीड मिनिट न दिल्यामुळे उठता उठता, दाराच्या मुठीवर हात असताना, "अजून एक सांगायचं होतं" म्हणून खरं दुखणं बाहेर येतं. मग पुढच्या रुग्णाची वेळ जाते किंवा ते दुखणं घरी परत जातं.

दुसरी, 'समजलं ना?' या प्रश्नाची. सगळ्यांना हाच शिकवला जातो आणि त्याचं उत्तर जगभर एकच असतं: हो. वैद्यकीय माहिती लोकांच्या किती लक्षात राहते, याचा आढावा घेताना केसेल्स या संशोधकाने २००३ साली लिहिलं की सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती लगेचच विसरली जाते, आणि जी लक्षात राहते त्यातलीही जवळपास निम्मी चुकीची असते. आमच्या वर्गातून गेलेली एक परिचारिका एका आजोबांना डिस्चार्ज देत होती. गोळ्या समजावून झाल्या, आजोबांनी मान डोलावली. नेहमीप्रमाणे कागद हातात देऊन ती निघू शकली असती. तिने विचारलं, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलीला या गोळ्यांबद्दल काय सांगाल?" आजोबा म्हणाले, "सकाळी ही गुलाबी नवीन, आणि आपली नेहमीची पांढरी आहेच." ती पांढरी आणि ही गुलाबी, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, रक्तदाबाचं एकच औषध होतं. दोन्ही घेतल्या असत्या तर दाब किती उतरला असता, आजोबा न्हाणीघरात पडले असते का, हे सांगायला ज्योतिषी नको. तिने पांढरी पट्टी पिशवीतून काढून वेगळी ठेवली, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पुन्हा एकदा त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. या सगळ्याला रांगेतल्या पुढच्या माणसाने एक सुस्कारा टाकण्याएवढा वेळ लागला. तुमच्या अभ्यासक्रमात उलट विचारून खात्री करण्याच्या या रीतीबद्दल एक वाक्य आहे. पण 'मी नीट सांगितलं का' असा दोष स्वतःकडे घेऊन विचारायचं, म्हणजे माणसाला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही, हे त्या वाक्यात नाही. ते दहा वेळा करून पाहिल्यावरच जिभेवर बसतं.

तिसरी तक्रार हॅन्डओव्हरची, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवण्याची, आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. रोस्टर असं बनवलं आहे की एक पाळी संपते त्याच मिनिटाला दुसरी सुरू होते. मधे एकही मिनिट दोन्ही पाळ्यांचं सामाईक नाही. म्हणजे हॅन्डओव्हर एकीच्या घरी जायच्या घाईत आणि दुसरीच्या हजेरीच्या घाईत, बेल वाजत असताना, कॉरिडॉरमध्ये उरकायचा. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत बालरोग विभागांच्या निवासी डॉक्टरांसाठी हॅन्डओव्हरची 'आय-पास' नावाची रीत बसवली गेली. तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. १०,७४० रुग्णभरतींचा हिशेब होता. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी. आणि एका रुग्णामागे हॅन्डओव्हरला लागणारा वेळ? आधी २.४ मिनिटं, नंतर २.५. तुमच्या 'तास वाया जातात' या वाक्यासमोर हा आकडा ठेवून पाहा. या प्रयोगातही संगणकावरचा एक पाठ होता, हे मी लपवत नाही. पण त्यासोबत कार्यशाळा होती, एकमेकांसमोर भूमिका घेऊन केलेला सराव होता, ज्येष्ठांनी प्रत्यक्ष हॅन्डओव्हर पाहून चुका दाखवायची सोय होती. तुम्ही त्यातला सगळ्यात स्वस्त तुकडा उचलला आणि बाकीच्यांवर काट मारली.

शिवाय आपल्याकडे हॅन्डओव्हर फक्त परिचारिकांचा आणि डॉक्टरांचा. रुग्णाला अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या मावशींना त्यात जागा नाही. घरी जाणाऱ्या काळजीवाहकाला तर रुग्णालयातून आलेला कागदही धड कोणी वाचून दाखवत नाही. आणि 'आज बाबा नेहमीसारखे नाहीत, पेला धरताना हात चुकतोय, मला दुसऱ्याच नावाने हाक मारली' हे पहिल्यांदा दिसतं ते यांनाच. नव्याने आलेला गोंधळलेपणा हे धोक्याचं लक्षण मानून ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रकृती मोजण्याच्या राष्ट्रीय तक्त्यात त्याचा समावेश झाला. नवा गोंधळ म्हणजे आधी नसलेला. आधी काय होतं हे रोज पाहणाऱ्यालाच ठाऊक. मावशी सांगतात, सिस्टर 'बरं' म्हणतात, आणि ते 'बरं' कुठेही लिहिलं जात नाही. मावशींना बोलायला शिकवणं हा अर्धा भाग झाला. त्यांचं ऐकायला वरच्यांना शिकवणं हा दुसरा, आणि त्याचा तुमच्या अभ्यासक्रमात मागमूस नाही. वरच्या हुद्द्यांना तर तो सक्तीचाही नाही!

चौथी, दुभाष्याची. रुग्णाची भाषा कर्मचाऱ्याला येत नसेल तर सोबतच्या नातेवाइकाला, कधी शाळकरी पोराला पुढे केलं जातं. बालरोग विभागातल्या दुभाष्यासह झालेल्या १३ भेटी २००३ साली अमेरिकेत तपासल्या गेल्या. दर भेटीत सरासरी ३१ चुका सापडल्या. त्यातल्या ६३ टक्के चुका उपचारांवर परिणाम करू शकतील अशा होत्या, आणि न शिकलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत हे प्रमाण आणखी जास्त होतं. समाजसेवेत तर याहून वाईट घडतं. मार खाणाऱ्या बाईची विचारपूस मारणाऱ्याच्याच तोंडून होते. लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी घरातल्या छळाने मेली. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने नोंदवलं की निरनिराळ्या यंत्रणांना तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी मिळाल्या होत्या. अहवालाच्या १०८ शिफारशींपैकी एक अशी आहे की मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याच्याशी बोलायचं असेल आणि त्याची पहिली भाषा इंग्रजी नसेल, तर दुभाष्या वापरलाच पाहिजे. इतकी साधी गोष्ट लिहून ठेवायला एका मुलीचा जीव जावा लागला. आपल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात दुभाष्याच्या नावाने रकमेची ओळच नाही.

पाचवी छोटी आहे. केसपेपरवर 'सहकार्य करत नाही', 'नातेवाईक भांडखोर' असे शेरे बिनदिक्कत मारले जातात. २०१८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात एकाच काल्पनिक रुग्णाच्या दोन नोंदी वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना वाचायला दिल्या, एक साधी आणि एक हिणवणारी. हिणवणारी नोंद वाचणाऱ्यांचं मत रुग्णाबद्दल कलुषित झालं आणि त्याच्या वेदनेवर त्यांनी औषधही हात राखून सुचवलं. लिहिणं हाही संवादच. तो तुमच्या अभ्यासक्रमात नाहीच.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली ते. प्रमाणपत्राचा उपयोग कोणाला होतो? रुग्णाला नाही. कर्मचाऱ्यालाही नाही. तक्रार आली की संस्था म्हणू शकते, आम्ही प्रशिक्षण दिलं होतं, ही पाहा प्रत. तिथून पुढे सगळं त्या मुलीच्या डोक्यावर, जिने रात्रपाळीत दोन माणसांचं काम एकटीने करताना कोणाला तरी तुटक उत्तर दिलं. मी अशा चौकश्यांना बसले आहे. पहिला प्रश्न 'त्या रात्री वॉर्डात किती जणी होत्या' असा नसतो. 'तुमचं संवादकौशल्याचं प्रशिक्षण झालं होतं ना?' असा असतो. जे शिकवलंच नाही त्याची पावती तिच्याकडून आगाऊ सही करून घेतलेली असते.

कागदावर खूण करून काम झालं असं मानण्याचं काय होतं, याचंही उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा यादी आणली. खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हेही त्यात आहे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती नीट शिकवून वापरली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, असा २००९ चा निष्कर्ष. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांनी तीच यादी स्वीकारली. २०१४ च्या अहवालात लक्षणीय फरक दिसला नाही. का, यावर जाणकारांत वाद आहे. पण शिकवण्यावर, सरावावर आणि देखरेखीवर किती जोर होता हा प्रश्न त्या वादाच्या मध्यभागी आहे. आपण ओंटारियोच्या वाटेने निघालो आहोत.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

प्रत्यक्ष वर्ग पुन्हा सुरू करा, लहान गटांत, समोरासमोर आणि ड्यूटीच्या तासांत. मोबाइलचा अभ्यासक्रम हवा तर पूर्वतयारी म्हणून ठेवा, पण त्याच्या प्रमाणपत्राला चौकशीत पुरावा मानू नका. विभागप्रमुख आणि ज्येष्ठ डॉक्टरांनाही या वर्गाला बसवा, आणि पहिल्या रांगेत नको, त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर.

रोस्टरमध्ये दोन पाळ्यांचा सामाईक वेळ ठेवा आणि त्याचे पैसे द्या. हॅन्डओव्हरमध्ये मावशी, मामा आणि घरी जाणाऱ्या काळजीवाहकांना बोलावा. त्यांनी सांगितलेलं लिहायला नोंदीत जागा ठेवा.

डिस्चार्जच्या कागदावर 'समजावले' या खुणेऐवजी रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं, त्याची एक ओळ लिहिणं सक्तीचं करा. शिकलेल्या दुभाष्यांसाठी वेगळी रक्कम ठेवा. फोनवरून मिळणारा दुभाष्याही चालेल. मुलांकडून दुभाषेपण करून घेणं बंद करा, आणि जिथे घरातल्याच माणसाकडून त्रास होत असल्याचा संशय आहे तिथे नातेवाईकही नको.

वाईट बातमी सांगायला दार असलेली एक खोली द्या. जिन्याखाली उभं राहून सांगायला लागतं, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे. आणि जिने ती सांगितली तिला लगेच पुढच्या खाटेकडे न पिटाळता थोडा वेळ बसू द्या.

वागणुकीच्या तक्रारीची चौकशी करताना त्या पाळीला किती रुग्ण आणि किती कर्मचारी होते, हा प्रश्न पहिला विचारा आणि उत्तर अहवालात छापा.

यातल्या खोली, रक्कम आणि रोस्टर या तीन गोष्टींना पैसा लागेल, हे मला कळतं. बाकीच्यांना एक आदेश पुरेल. पैशाच्या मागण्यांसाठी कालमर्यादा सांगा. आदेशाच्या मागण्यांसाठी मात्र पुढच्या आर्थिक वर्षाची वाट पाहायचं कारण मला दिसत नाही. कोणती मागणी मान्य नाही आणि का, तेही लेखी कळवा, आणि ते उत्तर सूचनाफलकावर लावा, म्हणजे ज्यांनी परिपत्रकावर सह्या केल्या त्यांनाही वाचता येईल.

नव्या भरतीची तुकडी लवकरच रुजू होते आहे. तिच्यासाठी वर्ग घ्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारख्या आणखीही आहेत. तारीख आणि खोली कळवावी.

आपली,
एक परिचारिका